यंत्राच्या डोक्यावरची खोली

माणसांचे बाईंनी दोनच प्रकार पाडले होते. एक मूर्ख, आणि दुसरे अजून ओळख न झालेले.

डोंगरावरच्या वेधशाळेच्या तळघरात बसून बाई वर्षानुवर्षं एकच काम करत होत्या. पृथ्वी आपल्याला किती जोरानं खाली ओढते, ते मोजायचं. आता यात मोजायचं काय, असं कुणी विचारलं की बाईंच्या नाकपुड्या फुगायच्या. शाळेत नऊ पूर्णांक आठ हा आकडा पाठ करून घेतात आणि मास्तर सुटतात, पोरंही सुटतात. मग तीच पोरं मोठी होऊन, टाय-बिय लावून वेधशाळा बघायला येतात आणि तळघरात उभी राहून विचारतात, "पण बाई, ते तर ठरलेलंच असतं ना?"

"ठरलेलं तुमच्या मास्तरांच्या डोक्यात," बाई म्हणायच्या. "ध्रुवावर जाऊन मोजा, जास्त भरेल. विषुववृत्तावर मोजा, कमी. तिथं पृथ्वीचं पोट सुटलंय आणि वरून ती गरगर फिरतेय, म्हणून. डोंगरावर चढलात की कमी. पायाखाली जड खडक असला तर जास्त, भुयार असलं तर कमी. पाऊस पडून जमीन पाणी प्यायली की बदलतं, चंद्र माथ्यावर आला की बदलतं. एवढंच कशाला, तुम्ही आत्ता यंत्राला खेटून उभे आहात ना, तुमच्यामुळेसुद्धा बदलतंय. तेव्हा जरा मागं सरका."

पाहुणे ओशाळून मागं सरकायचे. बाईंना तेवढंच समाधान.

यंत्र म्हणजे एक भलंमोठं पोलादी पिंप. आत बर्फालाही लाजवेल अशा थंडीत एक छोटासा पोकळ गोळा चुंबकाच्या जोरावर अधांतरी तरंगत ठेवलेला. ओढ किंचित वाढली की गोळा खाली दबणार, कमी झाली की वर येणार, आणि शेजारच्या पडद्यावर ओढीची रेघ उमटणार, ओढ वाढली की वर, कमी झाली की खाली. 'किंचित' म्हणजे किती, ते सांगून उपयोग नाही, ऐकणारा हसतो. या यंत्रापायी बाईंनी अख्ख्या वेधशाळेला धारेवर धरलं होतं. इमारतीजवळ मोटारसायकल आणायची नाही. जिन्यात बादली ठेवायची नाही. झाडूवालीनं हौसेनं दाराशी ठेवलेली फुलझाडाची कुंडीसुद्धा बाईंनी उचलायला लावली होती, आणि वर ऐकवलं होतं, "फुलं घरी लाव, इथं विज्ञान चालतं."

वेधशाळेचे मोठे साहेब बाईंच्या पहिल्या प्रकारात पहिल्या नंबरावर. त्यांचं नाव बाईंनी 'नगारा' ठेवलं होतं. आतून पोकळ, वरून कातडं ताणलेलं, आणि जरा टिपरी लागली की गावभर आवाज. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, पण पाणी उथळ असायला आधी पाणी तर पाहिजे, असं बाईंचं मत. साहेबांनी एक पुस्तक लिहिलं होतं, 'गुरुत्व आणि मी'. उशीसारखं जाडजूड, गुळगुळीत कागद, पानापानावर साहेबांचे फोटो. वेधशाळेच्या खर्चानं छापलेलं. बाईंनी ते उघडूनही पाहिलं नव्हतं. "नावातच सगळं आलं," त्या म्हणायच्या. "गुरुत्व तोंडी लावण्यापुरतं, बाकी ताटभर मी."

पुस्तक कुणी घेईना, आणि छापखाना काही थांबेना. ट्रक यायचा, फाटकाशी उभा राहायचा, आणि शिपाई खोकी आणून तळमजल्याच्या बोळात लावायचा. एक दिवस त्यातल्या एका खोक्याला बाईंच्या पायाचा अंगठा असा ठेचला की डोळ्यांत पाणी आलं.

"ही रद्दी उचल इथून!" बाई शिपायावर ओरडल्या.

"कुठं ठेवू बाई?"

"माझ्या डोक्यावर ठेव! अरे, ती तळघरावरची खोली रिकामी पडलीय ना, तिच्यात कोंब. ही घे किल्ली. आणि पुन्हा पुन्हा विचारायला येऊ नकोस."

शिपाई गरीब माणूस. त्यानं किल्ली कमरेला लावली, आणि पुन्हा विचारायला आला नाही. पुढचे सगळे ट्रक त्यानं निमूटपणे त्याच खोलीत रिकामे केले. बाईंनी ती खोली परत उघडून पाहिली नाही. रद्दीकडे काय बघायचं?

आणि याच सुमाराला पडद्यावरच्या रेघेनं चाळे सुरू केले. एरवी ती संथ वर-खाली व्हायची, चंद्रसूर्याच्या तालावर. पण ट्रक आला, की त्या दिवशी ती जराशी खाली बसायची. एवढीशी पायरी. बाई म्हणाल्या, ट्रकचा धक्का, दुसरं काय. त्यांनी पायरी पुसली आणि रेघ सरळ जोडून टाकली. या धंद्यात सगळेच तसं करतात. धक्क्याधक्क्याचं ऐकत बसलं तर पृथ्वीचं ऐकायचं कधी?

एक दिवस नगारा स्वतः तळघरात उतरला. धापा टाकत खुर्चीत बसला आणि जुने कागद मागून बघत राहिला.

"बाई, ही पायरी का पुसलीत?"

"ट्रकचा धक्का आहे साहेब."

"धक्का बसला तर रेघ उडते आणि परत जागेवर येते. ही परत आलेली नाही. खालीच राहिलीय."

माणूस बरोबर बोलत होता. हे असं कधी झालंच नव्हतं. नगाऱ्याचं एखादं वाक्य बरोबर असू शकतं ही गोष्ट बाईंच्या डोक्यात मावेना, आणि न मावणारी गोष्ट त्या डोक्यात घेतच नसत. "मग तुम्हीच बघा काय ते," त्या म्हणाल्या आणि चष्मा पुसत बसल्या. रेघ खाली का राहिली, हा साधा प्रश्न त्या वेळी त्यांना पडायला हवा होता. पडला नाही. प्रश्न नगाऱ्यानं विचारला होता ना, म्हणजे तो फालतूच असणार!

साहेबांनी पुसलेल्या सगळ्या पायऱ्या परत जागेवर बसवल्या. मग आठवड्या-आठवड्याची सरासरी काढली. सरासरीत पायऱ्या घोटून घोटून गुळगुळीत झाल्या आणि एक छान उतरती रेघ तयार झाली. ओढ कमी होतेय! आता ओढ कमी का व्हावी? आपण पृथ्वीच्या पोटापासून लांब चाललोय म्हणून. म्हणजे जमीन वर येतेय. म्हणजे डोंगर फुगतोय! आणि डोंगर फुगला की उतार सुटणार, आणि उताराच्या पायथ्याशी काय? खालची आळी. साहेबांना रात्री झोप लागली नसेल एवढा आनंद झाला असणार. दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रात त्यांचे फोटो. 'डोंगर अर्धं बोट वर!' डोंगराची उंची खरोखर मोजणारं पथक दोन महिन्यांनी येणार होतं, पण तेवढं थांबेल तो नगारा कसला. नगरपालिकेनंही कपाळाला हात लावला आणि नोटिसा काढल्या. खालच्या आळीतल्या सगळ्यांनी घरं रिकामी करावीत. सोमवारच्या आत निघतील त्यांना नव्या वस्तीत जागा निवडू देऊ, मागाहून येतील त्यांना उरेल ती.

खालच्या आळीत बाईंचा धाकटा भाऊ राहायचा. त्याची पावाची भट्टी होती.

भावाबद्दल बाईंना माया होती, पण आदर? छे. भाऊ म्हणजे लोण्याचा गोळा. शेवटी जो बोलेल त्याचं खरं मानायचा. अभ्यासात ढ. त्यानं भट्टी बांधायला काढली तेव्हा बाईंनी पोट धरून हसून घेतलं होतं. विटांचा घुमट कुठं असा पुस्तकाशिवाय बसतो? पहिल्यांदा कोसळला. दुसऱ्यांदा कोसळला. तिसऱ्यांदा मात्र राहिला, आणि तेव्हापासून त्या भट्टीतला विस्तव एक दिवसही पूर्ण विझला नव्हता. पाव असा फुगायचा की पहाटे दाराशी रांग लागायची. बाई मात्र तिथं गेल्या की हटकून म्हणायच्या, "पदवी घेतली असतीस तर विटा रचायची वेळ आली नसती."

नोटीस लागली त्या संध्याकाळी बाई तिथं गेल्या. भावजय पिठाचे हात तसेच ठेवून बाहेर आली.

"ताई, खरं काय ते सांगा. तुमच्या साहेबांना मी ओळखत नाही. मी तुम्हाला ओळखते."

"अगं, तो नगारा आहे नुसता! त्याच्या नादाला काय लागता?"

भाऊ भट्टीच्या तोंडाशी बसला होता. फावड्यानं निखारे सारखे करत म्हणाला, "पण आकडे तर तुझ्याच यंत्राचे ना?"

"आकडे माझेच."

"ते खोटे आहेत?"

"आकडे कसे खोटे असतील? आकडे खरे आहेत, अक्कल खोटी आहे त्याची."

"म्हणजे नक्की काय, ताई? जायचं की राहायचं?" भाऊ म्हणाला. "सामान काय, एका दिवसात हलेल. पण भट्टी हलत नाही. ती फोडावी लागते. विटा सावकाश उतरवून तिकडं न्यायच्या आणि पुन्हा घुमट बसवायचा. तो बसेलच असं नाही. दोनदा नव्हता बसला. आता माझं वयही ते राहिलं नाही."

"आणि नाही बसला तर?" बाईंनी विचारलं.

"नाही बसला तर मग कुणाच्या तरी दुकानात कामाला लागायचं," भावजय म्हणाली. "दुसरं काय."

बाई चहा न घेताच निघाल्या. मग त्यांनी साहेबांचे कागद मागवले आणि त्यांच्या गणितात चूक शोधायला बसल्या. बेरजा तपासल्या, सरासऱ्या तपासल्या, पावसाचा हिशेब, हवेच्या दाबाचा हिशेब, सगळं उलटसुलट करून पाहिलं. चूक सापडेना. नगाऱ्यानं गणित चोख केलं होतं. बाईंचा संताप संताप झाला. त्या नगाऱ्याच्या डोक्यात चूक शोधत होत्या, आणि चूक त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर, छताच्या पलीकडं, खोकी होऊन बसली होती.

रविवारी सकाळी नगरभवनात सभा ठरली. साहेब बोलणार, नगराध्यक्ष बोलणार, आळीची समजूत घालणार. आणि साहेबांच्या सुपीक डोक्यातून निघालं की येणाऱ्या प्रत्येक माणसाला 'गुरुत्व आणि मी' भेट द्यायचं. घरदार सोडून चाललेल्या माणसाला पुस्तक! जखमेवर मीठ चोळायचं तर मीठ तरी स्वस्त असतं.

शुक्रवारी दुपारी बाई तळघरात बसल्या होत्या. जेवण झालं होतं, डोळ्यांवर पेंग येत होती. आणि समोर पडद्यावरची रेघ वर चढू लागली. थोडी चढली, थांबली. पुन्हा थोडी चढली, थांबली. बाईंची पेंग उडाली. आज ट्रक नाही, धक्का नाही, पाऊस नाही. आणि डोक्यावर मात्र धडधड, सरकवासरकवी, कुणीतरी काहीतरी ओढतंय.

"कोण गोंधळ घालतंय रे वर?" म्हणून तणतणत त्या जिना चढल्या. वरच्या खोलीचं दार सताड उघडं. शिपाई आणि नगरपालिकेची माणसं खोकी उचलून हातगाड्यांवर लादत होती. निम्मी खोली रिकामी झाली होती. आणि उरलेल्या निम्म्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत, भिंतीला भिंत लागावी तशी, खोकी. खोक्यांवर खोकी. त्यावर खोकी.

"एवढी?" बाईंच्या तोंडून निघालं. "ही एवढी कधी आली इथं?"

"ट्रक येईल तशी बाई," शिपाई घाम पुसत म्हणाला. "तुम्हीच म्हणाला होता ना, वरच्या खोलीत कोंब आणि पुन्हा विचारू नकोस."

बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. पायाखाली फरशी, फरशीखाली तळघर, आणि तळघरात बरोबर इथंच, त्यांच्या टाचेखाली, यंत्र. ओढ काय फक्त पृथ्वीलाच असते? ज्याला वजन आहे ते सगळं ओढतं. डोक्यावर कैक टन कागद आला तर तो त्या गोळ्याला वर ओढणारच, आणि खालची ओढ तेवढी कमी भरणार. दर ट्रकला एक पायरी. डोंगर कुठला फुगतोय? नगाऱ्याची पुस्तकं खपत नव्हती, एवढाच काय तो भूगर्भातला बदल!

खोली त्यांची. किल्ली त्यांनीच दिलेली. कुंडी उचलायला लावणाऱ्या बाईंनी स्वतःच्या यंत्राच्या डोक्यावर डोंगर रचून घेतला होता. पण ही टोचणी फार वेळ टिकली नाही, कारण तिच्यामागून असा काही आनंद उसळून आला की बाईंना खोक्यावर बसावं लागलं. नगारा फुटणार होता! डोंगर पोखरून उंदीर काढतात असं ऐकलं होतं. या पठ्ठ्यानं रद्दी पोखरून डोंगर काढला होता.

त्यांना पहिला विचार भावाचा आला, हेही खरंच. त्या खाली जायला वळल्यासुद्धा. पण बोळाच्या टोकाला साहेबांची खोली, दार किलकिलं, आणि आतून भाषणाची तालीम ऐकू येत होती. "मित्रहो, हा डोंगर माझ्या कानात बोलला…" थोडं थांबून पुन्हा, जास्त खर्जात, "मित्रहो, हा डोंगर माझ्या कानात बोलला."

बाई दाराशी थबकल्या. आत्ता सांगितलं तर काय होईल? नगारा घसा खाकरेल, सभा रद्द करेल, 'तांत्रिक कारण' म्हणेल, आणि महिनाभरात पुन्हा वाजायला लागेल. पालथ्या घड्यावर पाणी. त्यापेक्षा रविवारी, भरल्या सभेत, डोंगर त्याच्या कानात बोलून झाल्यावर… बाई चवड्यांवर तिथून निघून गेल्या.

शनिवारचा दिवस त्यांनी एखाद्या नवरीसारखा घालवला. रेघेचा मोठा कागद काढला, पायऱ्यांवर लाल खुणा केल्या. काय बोलायचं ते आरशासमोर चार वेळा म्हणून पाहिलं. कुठं थांबायचं, कुठं साहेबांकडे बघायचं. दुपारी फोन वाजला. भाऊ होता.

"ताई, शेवटचं विचारतो. तुझं यंत्र चुकत नाही ना?"

"माझं यंत्र? ते कधी चुकलंय?" बाई म्हणाल्या. हसू दाबता दाबता त्यांचा आवाज उगाच कडक झाला.

"म्हणजे ओढ कमी झालीय हे खरं."

"झाली होती. तू उद्या सभेला ये. पुढच्या रांगेत बस. गंमत आहे."

"गंमत कसली गं, ताई?"

"ये तर खरा. मग बोलू."

पलीकडे भाऊ "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. एक वाक्य होतं. 'डोंगर जागेवर आहे, कुठं जाऊ नकोस.' ते बाईंच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. पण त्या भावाला ओळखून होत्या. लोण्याचा गोळा तो. बायकोला सांगणार, बायको आळीला सांगणार, आणि संध्याकाळच्या आत नगाऱ्याच्या कानावर जाणार. एका दिवसाचा तर प्रश्न आहे, बाई मनाशी म्हणाल्या. सोमवारपर्यंत काही आभाळ कोसळत नाही.

रविवारी नगरभवन गच्च भरलं होतं. प्रत्येक खुर्चीवर एक 'गुरुत्व आणि मी'. लोक ते मांडीवर घेऊन बसले होते, काहींनी पोरांना उंच दिसावं म्हणून बुडाखाली दिलं होतं. भावाची पुढची खुर्ची रिकामी होती. उशीर करणं त्याच्या रक्तातच, असं म्हणून बाईंनी नाक मुरडलं.

साहेबांचं भाषण झालं. डोंगर कानात बोलला. टाळ्या झाल्या नाहीत; एक म्हातारी रडायला लागली. मग बाई उठल्या, व्यासपीठावर गेल्या, कागद उलगडला आणि शांतपणे सुरुवात केली. पहिला ट्रक, पहिली पायरी. दुसरा ट्रक, दुसरी पायरी. मग शुक्रवार. पुस्तकं खोलीतून इथं आली आणि रेघ जिथून निघाली होती तिथं परत गेली. "तेव्हा मंडळी," त्या म्हणाल्या, आणि ठरवलेल्या जागी थांबल्या, आणि साहेबांकडे बघितलं, "तुमच्या घरांना ज्याच्यापासून धोका होता, ते तुम्ही या घडीला मांडीवर घेऊन बसला आहात."

आधी कुणाला कळलंच नाही. मग मागून एक जण खो खो हसला, आणि मग अख्खं सभागृह फुटलं. म्हातारी रडता रडता हसायला लागली. साहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. बाईंनी तो डोळे भरून पाहिला. आयुष्यात इतकं सुंदर काही त्यांनी पाहिलं नव्हतं.

पण नगारा तो नगाराच! कातडं कितीही फाटू दे, आवाज यायचाच.

"खोकी त्या खोलीत कुणी ठेवली?" साहेबांनी विचारलं. कोपऱ्यातून शिपाई म्हणाला, "बाईंनी सांगितलं, साहेब."

"खोली माझ्याच ताब्यात होती," बाई म्हणाल्या. आज त्यांना काही लागणार नव्हतं.

"मी बाईंना मोठ्या मनानं माफ करतो," साहेब म्हणाले. मग त्यांनी दोन्ही हात वर केले. "पण मित्रहो, विचार करा! लेखक पुष्कळ झाले. पण ज्याच्या पुस्तकानं खुद्द पृथ्वीची ओढ बदलली, असा एकच!" आणि काय सांगावं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. घर वाचल्याच्या आनंदात माणसं कशालाही टाळ्या वाजवतात. नगराध्यक्षांनी नोटिसा मागं घेतल्याचं तिथंच जाहीर केलं. बाहेर पडताना लोक साहेबांच्या सह्या घेत होते. बाईंनी ते बघितलं आणि किळस येऊन तोंड फिरवलं. गाढवांच्या बाजारात घोडा नेला की असंच व्हायचं.

तरी पाय जमिनीवर नव्हते. त्या जवळजवळ धावतच खालच्या आळीत उतरल्या. भावाला काय सांगायचं, कसं सांगायचं, नगाऱ्याचा चेहरा कसा झाला त्याची नक्कलसुद्धा तोंडात तयार होती. भट्टीच्या दारात पोचेपर्यंत त्यांच्या लक्षात आलं नाही की पावाचा वास येत नाहीये.

"अरे, आहेस कुठं? नोटीस रद्द! कुणी कुठं जायचं नाही!" असं ओरडतच त्या आत गेल्या.

भाऊ जमिनीवर बसला होता. तोंडाला फडकं बांधलेलं, केसांत, भुवयांत, अंगभर काळी राख. त्याच्याभोवती विटांचे ढीग लावलेले होते. भट्टी होती तिथं कमरेएवढी गोल भिंत उरली होती आणि तिच्यावर काहीच नव्हतं. भावजय कोपऱ्यात विटा पुसून बाजूला ठेवत होती. तिनं मान वर केली.

"जायचं नाही?" भावानं विचारलं. "डोंगर फुगत नाहीये?"

"नाही रे. ती पुस्तकं होती. त्या नगाऱ्याची पुस्तकं, यंत्राच्या वर ठेवलेली…" बाईंनी सगळं सांगितलं. सांगताना आपला आवाज बारीक होत चाललाय हे त्यांनाच ऐकू येत होतं. नक्कल काही त्यांनी केली नाही. भाऊ ऐकत होता. हसला नाही.

"तुला हे कधी कळलं?" त्यानं विचारलं.

'आत्ता, सभेत' असं म्हणता आलं असतं. कुणी तपासायला जाणार नव्हतं.

"शुक्रवारी," बाई म्हणाल्या.

"म्हणजे मी काल फोन केला तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"ह्यांनी फोन ठेवला आणि विस्तव बाहेर ओढला," भावजय म्हणाली. "मी म्हटलं, उद्या सभा तर होऊ द्या. तर म्हणाले, ताईचं यंत्र चुकत नाही, सभेत काय वेगळं सांगणार. भट्टी गार झाली तसा सकाळी घुमट उतरवायला घेतला." तिनं हातातली वीट खाली ठेवली. "ताई, एका शब्दानं सांगायचं होतंत. एका शब्दानं."

"अगं, बाहेर फुटलं असतं. तो सावध झाला असता. त्याची सगळ्यांसमोर जिरवायची होती मला. तुम्हाला माहीत नाही तो माणूस किती पोकळ, किती…" बाई बोलत होत्या आणि ते दोघं त्यांच्याकडे बघत होते. बाई थांबल्या.

भावानं तोंडावरचं फडकं सोडलं. रागावलेला दिसत नव्हता. रागावला असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

"तुमच्या साहेबांना निदान ते खरं तरी वाटत होतं, ताई," तो म्हणाला.

तो पुन्हा विटांकडे वळला. एकेक उचलून बघत होता, फुटकी इकडे, धड तिकडे, वरच्या थराची वेगळी, खालच्या थराची वेगळी. बाईंनी वाकून जवळची एक वीट उचलली. ती अजून कोमट होती. ती घेऊन त्या समोरच्या ढिगाकडे गेल्या.

"राहू दे," भाऊ म्हणाला. त्यानं उठून ती वीट त्यांच्या हातातून काढून घेतली आणि दुसऱ्या ढिगावर ठेवली. "कुठली कुठं जाते ते तुला कळायचं नाही."